कमी गुण आणि परिचर्येची वाट

केंदूरसारख्या शिरूर तालुक्यातील गावी बारावीचा निकाल हाती येतो, तेव्हा टक्केवारी पन्नासाच्या आत राहिली म्हणून कित्येक मुली परिचारिका होण्याचा मनोरथ तिथेच सोडून देतात. वास्तविक या क्षेत्राचा दरवाजा एकच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ४५ आणि मागासवर्गीयांस ४० टक्के गुण लागतात, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. मात्र महाराष्ट्रात गुणवत्ता यादी सीईटी या प्रवेश परीक्षेवर ठरत असल्याने, ही किमान अट ओलांडणाऱ्या मुलीस सीईटीच्या तयारीने पुढचा क्रमांक गाठता येतो. जीएनएम या तीन वर्षांच्या पदविकेस एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही तितकेच किमान गुण लागतात. एएनएम या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावी उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता असून कलाशाखाही चालते. आणि लसींची शीतपेटी खांद्यावर घेऊन वाडीवस्तीवर जाणारी, गर्भवतींची नोंदवही सांभाळणारी आरोग्य उपकेंद्रातील ताई बहुधा याच शिक्षणातून आलेली असते, म्हणून हा मार्ग कनिष्ठ मानणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. जीएनएम होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीही मिळते. पालकांनी एवढे अवश्य करावे: संस्थेची मान्यता महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे पडताळून, त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचून, मगच शुल्काचा भरणा करावा.