लखनौ विमानतळ : प्रवासी सेवा आणि नाशवंत माल

प्रादेशिक विमानतळाचे महत्त्व सामान्यतः प्रवाशांच्या संख्येवरून ठरविले जाते. परंतु परिसरातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने त्याच विमानातून जाणारा मालही तितकाच मोलाचा असतो. या दोन्ही सेवा परस्परांशी कशा निगडित आहेत, हे लखनौच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शहराच्या नैर्ऋत्येस अमौसी येथे असलेल्या या विमानतळास २००८ मध्ये माजी पंतप्रधान चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले. २०१२ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. २ नोव्हेंबर २०२० पासून त्याचे व्यवस्थापन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने अदानी समूहाकडे आहे. १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या तिसऱ्या टर्मिनलची पहिल्या टप्प्यातील क्षमता वर्षाला ८० लाख प्रवाशांची आहे.

प्रवासी विमानातील माल

अशा विमानतळावरील बराचसा माल स्वतंत्र मालवाहू विमानाने नव्हे, तर प्रवासी विमानाच्या तळकप्प्यातून जातो. तेथे प्रथम हक्क प्रवाशांच्या सामानाचा असतो. उरलेली जागा मालास मिळते. लहान आकाराच्या विमानात ही जागा मोजक्या टनांचीच असते. साहजिकच, प्रवाशांअभावी एखादे उड्डाण बंद झाल्यास मालाची वाटही बंद होते.

दशहरीची कसोटी

लखनौ जिल्ह्यातील मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असून या आंब्यास भौगोलिक निर्देशांकन प्राप्त आहे. जून-जुलैत हंगामात येणारे हे फळ तोडणीनंतर थोड्याच दिवसांत पिकून उतरू लागते. त्यामुळे दूरच्या बाजारपेठेसाठी हवाई मार्ग उपयुक्त ठरतो. तथापि, केवळ धावपट्टी पुरेशी नाही. प्रतवारी, पूर्वशीतकरण, कीडनाशक प्रक्रिया, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, सीमाशुल्क तपासणी आणि विमानात चढेपर्यंत शीतगृह, ही साखळी अखंड असावी लागते. एक कडी निसटली, तर बागाईतदाराच्या हाती स्थानिक मंडईचा पडेल भावच उरतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा हापूसच्या निर्यातदारांनाही फटका बसला. तपासणी व प्रक्रिया यांत सुधारणा झाल्यावर २०१५ मध्ये ती उठली. त्याआधी २००७ मध्ये लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातील विकिरणामुळे अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली होती. दोन्ही प्रसंगी प्रश्न विमानांचा नव्हता, तर विमानात चढण्यापूर्वीच्या प्रक्रियेचा होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नव्या टर्मिनलमुळे प्रवाशांची सोय होईल, उड्डाणे वाढतील आणि मालासाठी जागाही वाढेल. मात्र ती जागा मलिहाबादच्या बागाईतदाराच्या उपयोगी पडावयाची असेल, तर प्रक्रिया व तपासणीच्या सुविधा बागेपासून जवळच्या अंतरावर आणि ऐन हंगामात पूर्ण क्षमतेने उपलब्ध असणे आवश्यक आहे. विमानतळाचा विकास आणि शेतमालाच्या साखळीचा विकास यांचे नियोजन एकत्रितपणे झाले, तरच हवाई सेवेचा लाभ गावापर्यंत पोहोचू शकेल.