शितावरून किती भात?

तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच. वेल्ह्यात एसटीतून उतरलं की मान वर करूनच बघावा लागतो. आता या तोरण्यावर दुसरा तोरणा ठेवा, त्यावर तिसरा, असे हजार. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा. पाचशेच्या नोटा एकावर एक रचल्या तर थप्पी तेवढी होते, चौदाशे किलोमीटर. नोट दशांश मिलिमीटर जाड धरली आहे. कोरी-जुनी असा फरक सोडून देऊ.

मोजायला बसू. सेकंदाला एक नोट, जेवण नाही, झोप नाही. १,४०० कोटी नोटांना ४४४ वर्षं लागतात. १६४६-४७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, त्या दिवशी कुणी मोजायला बसला असता तर अजून मोजतोच आहे. उठेपर्यंत २०९० साल उजाडेल. आणि ही फक्त एका वर्षाची रक्कम.

तोरण्यावर धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लावलं, असं सांगतात. त्या खर्चाचा आढावा घ्यायला अहवाल लागत नाही. पायथ्याच्या गुंजवण्यात उभं राहिलं की राजगडच समोर दिसतो. आजचा पैसा असा एका जागी सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्यात (आता त्याला राजगड तालुका म्हणायचं) माणसं ५४,५१६. त्याच जनगणनेच्या हिशेबाने सात लाख कोटी सगळ्या राज्यात डोईप्रमाणे वाटले तर माणशी बासष्ट हजार आणि तालुक्याच्या वाट्याला ३४० कोटी येतात. गावच्या पारावर कुणालाही विचारा, वर्षभरात इथे ३४० कोटी आले का? हसतील.

पैसे खर्च झाले, हे सांगणाऱ्या कागदांना मात्र तोटा नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. ३१ मार्चच्या आठवड्यात सरकारी कार्यालयात जाऊन आलेल्याला वेगळं सांगायला नको. या कागदांवरून बंधारा किती मीटरचा ते कळतं. त्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकलं का, हे विचारायचं काम महालेखापालांच्या माणसांचं. त्याला कामगिरी लेखापरीक्षण म्हणतात. तो अहवाल विधिमंडळात मांडला जातो, मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावून जाब विचारते.

जलयुक्त शिवारचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये अभियान सुरू झालं. गावं २२,५८६, कामं ६ लाख ४१ हजार, खर्च ९,६३३.७५ कोटी. म्हणजे कामामागे साधारण दीड लाख. एका लेखापरीक्षकाने रोज एक गाव पाहिलं, रविवारही न घेता, तर ६२ वर्षं लागतील. रोज एक काम पाहिलं तर १,७५५ वर्षं! सातवाहनांची सत्ता लयाला गेल्यावर पाचपन्नास वर्षांत त्याने सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे तो सही करायला टेकला असता.

म्हणून नमुना घेतात. सहा जिल्ह्यांतली १२० गावं, त्यांतली १,१२८ कामं. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालाने सांगितलं की एवढा खर्च होऊनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात अभियानाला फारसं यश आलं नाही. त्यावरून राजकारण व्हायचं ते झालं, चौकशीसाठी समिती नेमली गेली, आणि २०२३ च्या जानेवारीत योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला.

मला मात्र अडकवतो तो नमुना. वेल्हे-भोर हा भाताचा मुलूख, तर भातावरच मोजू. तांदळाचा दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा. एक काम म्हणजे एक दाणा, तर सगळी कामं मिळून तेरा किलो तांदूळ. त्यांतले तपासले बावीस-तेवीस ग्रॅम. चिमण्यांना टाकतो तेवढेही नाहीत.

यावर संख्याशास्त्र जाणणारा हसेल, आणि त्याचं हसणं रास्त आहे. नीट ढवळून चिठ्ठ्या टाकून काढले तर हजारभर दाणे साऱ्या पोत्याची परीक्षा करायला पुरतात. चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते. पण शितावरून भाताची परीक्षा होते ती एका पातेल्यातल्या भाताची. एक चूल, एक आधण. इथे पातेली २२,५८६. कुठे पन्नास दिवसांत वर्षाचा पाऊस, कुठे वेल्ह्यासारखा चार महिने न थांबणारा. सहा जिल्ह्यांतली १२० पातेली हुंगून राज्याबद्दल काही सांगता येईल. माझ्या ओढ्यावरचा बंधारा गळतो का, हे त्यातून कळणार नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे नमुना न घेता सगळंच मोजायचं, यंत्राकडून. लाडकी बहीण योजनेत तेच झालं. इतर खात्यांच्या नोंदींशी ताळा जुळवल्यावर जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसतात, त्यांचे हप्ते जूनपासून थांबवले आहेत. ही संख्या अठ्ठेचाळीस वेल्हे तालुक्यांएवढी. उरलेल्या सव्वादोन कोटींना तेव्हा महिन्याला दीड हजारप्रमाणे ३,३७५ कोटी जात होते, दर सेकंदाला तेरा हजार. पण नोंदीत अपात्र दिसणारी बाई खरोखर अपात्र आहे का, याची शहानिशा जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवावी लागली. यंत्राने लाखो नावं काढली तरी पुढची वाट पुन्हा माणसाच्या दारापर्यंतच गेली.

आणि एक आकडा, जो कुठल्याच तक्त्यात नापास होणार नाही. पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२. दोन्ही धरणं भरली की ६६,००० कोटी लिटरांहून जास्त पाणी वेल्हे तालुक्यात उभं असतं. दरडोई रोज ५५ लिटर, हे ग्रामीण नळयोजनेचं माप. त्या मापाने तालुक्यातल्या सगळ्यांना हे पाणी सहाशे वर्षं पुरेल. ते पुण्याकडे जातं. धरणाच्या हेतूप्रमाणे काम चोख. डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांना मार्च सरला की टँकरची वाट बघावी लागते. टँकरच्या फेऱ्यांचाही तक्ता असतो, तोही वेगळ्या खात्याकडे, आणि त्यातही फेऱ्या वेळेवर झाल्या की रकाना हिरवा.