गोवर काय पुसून नेतो?

घरात आजी असेल तर तिला विचारून पाहा. "गोवर येऊन गेलेल्या पोराला पुढे बरेच दिवस जपावं लागतं," असे ती बहुधा सांगेल. पुरळ आठवड्याभरात मावळते, ताप उतरतो, मूल अंगणात खेळू लागते. मग जपायचे कशाला? कारण अशी बरी झालेली मुले काही महिन्यांनी न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावत. लोक 'अशक्तपणा' म्हणून गप्प बसत. त्या अशक्तपणाचा उलगडा गेल्या काही वर्षांतच झाला.

पहिली खूण मात्र जुनी आहे. क्षयाच्या जंतूंशी एकदा गाठ पडलेल्या मुलाच्या त्वचेला ट्यूबरक्युलिन लावले, तर तेथे लालसर फुगवटी येते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ साली नोंदवले, की गोवर आला असताना ही फुगवटी येईनाशी होते. शरीर ओळखीच्या शत्रूला जणू विसरले!

ही ओळख ठेवतात आपल्या रक्तातील व लसीकाग्रंथींतील स्मृतिपेशी. गोवराचा विषाणू पेशीत शिरताना 'स्लॅम' नावाच्या प्रथिनाला धरतो, आणि दुर्दैवाने हे प्रथिन स्मृतिपेशींवर विपुल असते. त्या मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींची संख्या पूर्ववत होते, तपासणीत सारे ठीक दिसते. पण नव्या पेशींपैकी पुष्कळशा केवळ गोवरालाच ओळखणाऱ्या असतात.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा, म्हणून मला लोहचुंबक आठवतो. तो लालभडक तापवून गार करा. वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण टाचण्या काही उचलल्या जात नाहीत. संख्या शाबूत, मांडणी गेली. (उपमा पूर्ण जुळत नाही, हे खरे. चुंबकातील अणू जुनेच असतात. येथे पेशी नव्या आलेल्या असतात.)

किती पुसले जाते? नेदरलँड्समध्ये २०१३ साली गोवराची साथ आली. लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त ताडून पाहिले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : निरनिराळ्या रोगजंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. गेलेली ओळख परत मिळवायची, तर त्या त्या रोगजंतूची किंवा त्याच्या लशीची पुन्हा गाठ पडावी लागते. इंग्लंड, अमेरिका व डेन्मार्क येथील जुन्या मृत्युनोंदींवरून या विसराळूपणाचा काळ दोन ते तीन वर्षे भरतो.

लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो. लस घेतलेल्या मुलांत अशी पुसापुशी आढळली नाही. आपल्याकडे ती नवव्या ते बाराव्या महिन्यात आणि पुन्हा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ पसरली. तीतून बऱ्या झालेल्या, लस न घेतलेल्या मुलांचा साधा खोकलाही पुढची दोन-तीन वर्षे अंगावर काढण्यासारखा नव्हता.