४ ऑगस्ट : एक विसरलेली तारीख

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर हे दिवस आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ आहेत. परंतु दिनदर्शिकेतील कोऱ्या चौकटींतही आपला इतिहास दडलेला आहे. ४ ऑगस्ट ही अशीच एक तारीख.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात पाणी मिळाले नाहीच. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७! बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण झाली होती.

पुढे प्रकरण न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे तीन दिवस उरले होते.

कागदावर मिळालेला हक्क कागदावरच काढून घेता येतो. तो टिकतो संघटनेने आणि चिकाटीने. म्हणून आम्ही सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती करतो की, आपल्या दिनदर्शिकेत ४ ऑगस्ट आणि १७ मार्च या तारखांवर खूण करावी आणि त्या दिवशी मुलांना हा इतिहास सांगावा.