निलंबित स्पूलर

आमच्या दिवाळी अंकाचे संपादक जुन्या वळणाचे. कथा कागदावर छापून आलेली असेल तरच वाचतात. २०२१च्या सप्टेंबरात माझी कथा पुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचवायची होती आणि प्रिंटर गप्प! कॉम्प्युटर म्हणे, प्रिंटर बसवलेलाच नाही. तो तर समोर टेबलावर ढळढळीत दिसत होता. मी वायर बदलली, शाईची नवी डबी आणली, प्रिंटरला दोन चापट्याही मारल्या. रात्री सून ऑफिसातून आली, पाच मिनिटे पडद्याकडे पाहत बसली आणि हसू लागली.

"बाबा, प्रिंट स्पूलर बंद आहे. आणि तो तुम्हीच बंद केलाय."

खरे होते. त्या जुलैत विंडोजच्या या छपाई-सेवेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाचे भगदाड उघड झाले होते आणि दुरुस्ती येईपर्यंत स्पूलर बंद ठेवण्याचा एक उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला होता. परिपत्रक आले की अंमलबजावणी, ही माझी बँकेतली सवय. ती मी केली. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण परिपत्रक मागे घेण्याचे काम माझे मीच करायचे होते, हे विसरलो.

कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा पडद्यामागे अशा कितीतरी सेवा उठतात. विंडोज आणि आर या कळा एकदम दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप केले की त्यांचे हजेरीपुस्तक उघडते. मला आमची शाखाच आठवली. 'ऑटोमॅटिक' म्हणजे शटर वर जायच्या आधी हजर असणारी मंडळी. 'डिलेड स्टार्ट'वाले गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी येतात. 'मॅन्युअल' म्हणजे लॉकरचा अधिकारी, कोणी बोलावले तरच उठणार. आणि 'डिसेबल्ड' म्हणजे निलंबित. बोलावले तरी येत नाही. माझा स्पूलर दोन महिने निलंबित होता आणि मी नव्या शाईवर पैसे घालवत होतो!

तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. एक रजेवर गेला की दुसरा असून नसल्यासारखा. इथेही तसेच. सेवेवर दोनदा क्लिक केले की 'डिपेंडन्सीज' या पानावर कोण कोणावर अवलंबून आहे ते दिसते. 'रिमोट प्रोसीजर कॉल'वर तर निम्मी शाखा उभी आहे. तिची नेमणूक या यादीतून बदलताच येत नाही, हे बरेच आहे. म्हणून शंका असेल तर निलंबन नको, 'मॅन्युअल' पुरे.

सकाळी मशीन रेंगाळते ही तक्रार घरोघरी ऐकतो. माझ्या मते दोष बहुधा सेवांचा नसून आगंतुकांचा असतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधली 'स्टार्टअप'ची यादी पाहा. गप्पांची, गाण्यांची, बैठकांची सॉफ्टवेअरे तिथे न विचारता बसलेली असतात. त्यांना खुशाल उठवा. हवी तेव्हा क्लिक करून उघडता येतातच.

सुनेने त्या रात्री स्पूलर पुन्हा 'ऑटोमॅटिक' केला, 'स्टार्ट' दाबले आणि पाने बाहेर येऊ लागली. मी मुलाची एक जुनी वही काढून रकाने आखले: तारीख, सेवेचे नाव, आधी काय होते, आता काय केले. पहिली नोंद स्पूलरची. शेवटच्या रकान्यात सुनेची सही घेतली.

कथा छापून आली. संपादकांनी तिचा शेवटचा परिच्छेद मात्र कापला.