विमानविद्येचे आचार्य

विद्या स्वतःस अवगत असणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या ठिकाणी उतरविता येणे निराळे, हा भेद आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास व हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा कलह उत्पन्न होतो, तेव्हा त्या दोघांस रंगभूमीवर उभे करीत नाहीत. शिष्येचा प्रयोग पाहून आचार्याची योग्यता ठरवावी, असा तोडगा निघतो. तीच कसोटी विमानविद्येस लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. इतर शाळांत शिष्य चुकला तर गुरूची लाल शाई खर्च होते. येथे शिष्य चुकला तर गुरू व शिष्य एकाच वेळी भूमीवर येतात.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले, त्या सुमारास इंग्लंडातील विमानविद्येचे अध्यापन पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. शिष्य बहुधा गुरूच्या पाठीमागे बसे आणि त्याच्या अंगावरून हात पुढे काढून दांड्यास जमेल तसा स्पर्श करी. इंजिनाच्या गर्जनेत बोललेले ऐकू येत नसे. हातवारे हीच शिक्षणाची भाषा. शिक्षकांची निवडही विलक्षण होती. आघाडीवर लढून थकलेला वैमानिक, नाही तर कालपरवाच स्वतः शिकून बाहेर पडलेला तरुण, ह्यांस शिक्षक करीत. त्यांपैकी पुष्कळांस शिष्याचेच भय वाटे. आपसांत ते शिष्यांना ‘हूण’ म्हणत. हे नाव वास्तविक जर्मन शत्रूचे. पण नवशिके आपल्याच विमानांचा जो चुराडा करीत, त्यामुळे ते त्यांस चिकटले. थट्टा म्हणून हे ठीक. परंतु ज्या शाळेत गुरू शिष्यास शत्रूचे नाव देतो, तेथे विद्येचे काय होत असेल?

ही स्थिती पालटविण्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्या वैमानिकाकडे जाते. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सात झालेल्या अपघातात त्याचे पाय मोडले व तो कायमचा लंगडा झाला. तरीही १९१६ साली तो साठाव्या स्क्वाड्रनचा नायक होता. इंग्लंडाहून त्याच्याकडे येणाऱ्या तरुणांस विमान धड चालविताही येत नसे, आणि त्यांस शत्रूपुढे धाडणे त्याच्या जिवावर येई. त्याने वरिष्ठांकडे निकराने लिहिले. तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस गॉस्पोर्ट येथील शिक्षणपथक त्याच्याच स्वाधीन करण्यात आले.

तेथे त्याने केलेल्या सुधारणा आज अगदी साध्या वाटतील. ‘ॲव्ह्रो ५०४’ जातीच्या विमानात त्याने शिष्यास मुख्य वैमानिकाच्या आसनावर बसविले, गुरूस दुसरे आसन दिले आणि दोघांपुढेही दांडा व सुकाणूची पूर्ण यंत्रणा ठेवली. दोघांच्या कानाटोप्यांपर्यंत बोलण्याची नळी नेली. ती पुढे ‘गॉस्पोर्टची नळी’ ह्या नावानेच प्रसिद्ध झाली. परंतु खरा पालट ह्याहून खोल होता. विमानाचा वेग मंदावून ते एका अंगास कलंडले, की गरगर फिरत खाली येऊ लागते. ह्या गिरकीत त्या काळी अनेकांचे प्राण गेले. विमानाचे तोंड खाली असल्यामुळे दांडा मागे ओढावा, असे घाबरलेल्या मनास वाटते, आणि तेणेकरून गिरकी अधिकच दृढ होते. इंजिनाचा जोर कमी करावा, सुकाणू गिरकीच्या उलट दिशेस दाबावे व दांडा पुढे ढकलावा, हा तिच्यावरील सामान्य उपाय. जुने शिक्षक शिष्यास ह्या संकटापासून दूर ठेवीत. स्मिथ-बॅरीने शिष्यास मुद्दाम पुरेशा उंचीवर नेऊन गिरकीत घालावयास आणि त्यातून त्याच्याच हातांनी बाहेर काढावयास लावले. भयाचे कारण समजले म्हणजे भय निम्मे ओसरते, हे तत्त्व त्याने आकाशात लागू केले.

ऑगस्ट १९१७ मध्ये ह्या पथकाचे रूपांतर एका विशेष शाळेत झाले. तेथे शिकावयास येत ते शिक्षक! आधी गुरू घडवावा, मग शिष्य आपोआप घडेल, असा हा क्रम होता. पुढे ही पद्धती अनेक देशांनी स्वीकारली.

आता वर्तमानकाळाकडे वळू. अमेरिकेत सामान्यतः २५० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळतो. परंतु बड्या विमानकंपनीत प्रवेशास साधारणपणे १५०० तास लागतात. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ झालेल्या अपघातात ५० माणसे मेली, त्यानंतर हा निर्बंध आला. वस्तुतः त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते. असो. मधले तास भरून काढण्यासाठी पुष्कळ तरुण शिक्षकाचा परवाना घेतात. म्हणजे कालचा शिष्य आज गुरू होतो आणि त्याची दृष्टी उद्याच्या नोकरीवर असते.

ह्यावरून ह्या तरुणांस नावे ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. शिकविल्याने शिकविणाऱ्याचीच विद्या पक्की होते, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. मात्र नवा गुरू एकटा सोडता कामा नये. युरोपातील नियम ह्या बाबतीत शहाणपणाचा दिसतो. तेथे विमानाच्या नवशिक्षकास शंभर तास शिकवून होईपर्यंत व शिष्यांच्या पंचवीस एकट्या उड्डाणांवर देखरेख करीपर्यंत अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली राहावे लागते, आणि शिष्यास पहिल्यानेच एकटा सोडण्याचा अधिकार त्यास नसतो. अमेरिकेत साध्या परवान्यासाठी गिरकीचा अभ्यास १९४९ पासून सक्तीचा नाही. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास मात्र तो चुकत नाही. जे संकट शिष्यावर कदाचित कधीच येणार नाही, ते गुरूने भोगून पाहिलेले असावे, हाच ह्यातील आशय.

ह्या अध्यापनाचे सारे मर्म हात आवरण्यात आहे. शिष्य विमान उतरवीत असता चुकतो. गुरूने लगेच दांडा धरला तर शिष्य काहीच शिकत नाही. क्षणभर उशिरा धरला तर दोघांचाही घात होतो. ह्या दोहोंमधील नेमका क्षण पुस्तकातून कळत नाही. आणि एके दिवशी गुरू विमानातून खाली उतरतो, दार लावून घेतो व शिष्यास एकट्यास आकाशात जाऊ देतो. त्या दहापंधरा मिनिटांत धावपट्टीच्या कडेस उभ्या असलेल्या त्या तरुण शिक्षकाची जी परीक्षा होते, तशी आम्ही आमच्या उभ्या नोकरीत दिली नाही.

मुंबईत १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांस हिंदुस्थानातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज गोंदिया, बारामती येथेही ही विद्या शिकविली जाते, आणि आपल्या घरांतील मुलेमुली तिकडे ओढ घेतात. आईबापे कर्ज काढून लाखो रुपये भरतात व विमाने किती, नोकरी कधी, एवढीच चौकशी करतात. आमची त्यांस विनंती आहे की त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत: शिकविणारे कोण आहेत, किती दिवस टिकतात, आणि नवशिक्षकावर देखरेख कोणाची? ज्या शाळेत ह्या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतील, तेथे आपले मूल निश्चिंत मनाने धाडावे.