जिप्सीच्या पोटातले आवाज

मोहर्ली गेटातून पहाटे आत शिरलं की थोड्याच वेळात गाइड हात वर करतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "गाडी बंद." इंजिन थांबतं. सगळे श्वास रोखून कान देतात. चितळाचा कॉल येतोय का? वानर खोकलं का? ताडोब्यात वाघ डोळ्यांआधी कानांना सापडतो. मग कॉल कुठल्या बाजूनं आला ते ठरतं, ड्रायव्हर क्लच सोडतो आणि गाडीच्या पोटातून आवाज येतो, कट्.

हा लेख त्या 'कट्'बद्दल आहे. 'घों', 'कुईंकुईं' आणि 'खडखड' हे त्याचे भाऊबंदही त्यात आलेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर जुनी फोर बाय फोर सांभाळणाऱ्याला हे आवाज ओळखता आलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. ते न ओळखल्यामुळे चांगल्या गाड्या विनाकारण उघडल्या जातात. उघडलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी बसतेच असं नाही.

मारुती जिप्सी १९८५च्या डिसेंबरात बाजारात आली, ९७० सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ला १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. २०१९मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळणं बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी जुनीच आहे, आणि तिची जागा अगदी तशीच्या तशी घेणारी गाडी अजून आलेली नाही. हलकी, अरुंद, पाट्यांवर उभी, शिडीसारख्या चासीची ही गाडी बैलगाडीच्या चाकोरीतूनही जाते.

तिच्या आवाजांचं मूळ तिच्या रचनेत आहे. बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेली असते. जिप्सीत ती वेगळी, चासीला रबरी माउंटांवर टांगलेली असते. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट ट्रान्स्फरकडे जातो. तिथून एक लांब शाफ्ट मागच्या डिफरन्शिअलच्या हौसिंगला आणि एक पुढच्या. तीन शाफ्ट, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस. एवढे सांधे असले की कुठला ना कुठला कुरकुरणारच. त्यात गाडी टू-व्हील हायमध्ये असली तरी जिप्सीत ताकद ट्रान्स्फरच्या दात्यांमधूनच जाते, सरळ आरपार जात नाही. म्हणून धडधाकट जिप्सीसुद्धा थोडी गुणगुणते. ती गुणगुण हा आजार नाही. नवा मालक तिलाच घाबरतो आणि गाडी गॅरेजला नेतो.

मीही एकदा नेली होती. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की सीटखाली 'ठक्' व्हायचं. एका गॅरेजात ट्रान्स्फर उतरवली, बेअरिंग बदलली, आठवडा गेला. गाडी घरी आणली, गल्लीच्या तोंडाशी पुन्हा 'ठक्'. शेवटी मूल रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. मी तोंडानं आवाज काढून दाखवायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "भाऊ, आवाज कसा येते ते मंग सांगा. पह्यले सांगा, केव्हा येते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी चारही चाकांना दगड लावले, मला ब्रेक गच्च दाबून धरायला सांगितला आणि पहिल्या गिअरात क्लच अगदी नखभर सोडायला लावला. मग रिव्हर्स. पुन्हा पहिला. स्वतः बाजूला उकिडवे बसून बॅटरीच्या उजेडात खाली बघत होते. तिसऱ्या वेळी म्हणाले, "उतरा आन् पहा." त्यांचा पोरगा क्लचवर बसला, मी खाली वाकलो. ट्रान्स्फर एका अंगानं बोटभर वर उचलली जात होती आणि परत आदळत होती. माउंटचं रबर लोखंडापासून सुटलं होतं. वरून ते शाबूत दिसत होतं, ताण आला की फाकत होतं. अख्खी ट्रान्स्फर उघडूनही ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

तेव्हापासून मीही 'केव्हा'पासूनच सुरुवात करतो.

आधी टायर. मड टायर डांबरावर घोंगावतो आणि मुरमाच्या रस्त्यावर गप्प होतो. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर डिफरन्शिअलला हात लावू नका. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी चाळीसचा वेग धरा आणि तिसऱ्यातून चौथ्यात या. वेग तोच असताना आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर खाली आली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला किंवा इंजिनात. पट्टी तीच राहिली, तर त्याच्या मागे कुठेतरी. जिप्सीचा चौथा गिअर थेट आहे, त्यात गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टवर भार येत नाही. तिसऱ्यात ओरडणारी गाडी चौथ्यात शांत झाली तर गिअरबॉक्स. सगळ्या गिअरांत सारखीच ओरडत असेल तर ट्रान्स्फर किंवा हौसिंग.

यापुढे पायाचं काम. अॅक्सिलरेटर दाबल्यावर हूऽऽ आणि सोडल्यावर गप्प, किंवा याच्या उलट, असं असेल तर बहुधा हौसिंगमधले क्राउन-पिनियन. दाबल्यावर दात्यांची एक बाजू घासते आणि सोडल्यावर दुसरी, म्हणून आवाज पायाबरोबर बदलतो. पाय कसाही असला तरी घरघर तशीच असेल तर बेअरिंग. चाकाचं बेअरिंग वळणावर पकडता येतं. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग बघा.

'कुईंकुईं' मोजायची असते. गाडी माणसाच्या चालीनं चालवा आणि कुणाला तरी शेजारून चालायला सांगा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदा कुरकुरलं तर दोष चाकाशी किंवा ब्रेकशी. शाफ्ट मात्र चाकाच्या जवळपास चौपट फिरतो. एका फेऱ्यात चार कुरकुर ऐकू आल्या तर कोरडा पडलेला क्रॉस. त्याच्या टोपीशी लालसर भुकटी दिसेल, ती आतल्या सुया गंजल्याची. तिथे ग्रीसगन मारून उपयोग नाही, क्रॉस बदलायचा.

ज्यांच्या पुढच्या हबना लॉक आहेत त्यांना आणखी एक सोय आहे. हब मोकळे केले आणि गाडी टू-व्हीलमध्ये ठेवली की पुढचा शाफ्ट आणि हौसिंगचे गिअर उभे राहतात. त्यानं आवाज गेला तर चोर पुढे आहे.

एक आवाज मात्र गाडीचा नसून चालवणाऱ्याचा असतो. चिखलातून बाहेर पडून डांबरावर आल्यावरही फोर-व्हील तशीच ठेवली तर वळताना कडकड येते आणि स्टिअरिंग जड होतं. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये वेगाचा फरक पचवणारं मधलं डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टांना पीळ देतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घातले तरी हेच होतं.

या दोन जिल्ह्यांत गाडी झिजते तीही इथल्याच पद्धतीनं. सफारीची जिप्सी दिवसातून दोनदा पहिल्या-दुसऱ्या गिअरात थांबत, निघत, रिव्हर्स घेत असते, आणि दर वेळी क्रॉसना झटका बसतो. घुग्गुसच्या बाजूला कोळशाची धूळ आहे, एटापल्लीकडे लोहखनिजाची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. पावसाळ्यात आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या वाटेवर नाले भरतात, पर्लकोटा नदी चढली की गावाचा संपर्क तुटतो. तापलेलं हौसिंग थंड नाल्यात उतरलं की आतली हवा आक्रसते आणि जुन्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग बोलायला लागतं, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून आवाजापेक्षाही तेल आधी खरं सांगतं. ड्रेन बोल्ट काढून थोडं तेल पांढऱ्या ताटलीत घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोल्टवर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं नेहमीचंच आहे. पण बोटाला टोचणारा लोखंडाचा कीस लागला, तर ते हौसिंग उघडायलाच हवं.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, घोडी लावा. आणि तपासणीसाठी मागचा शाफ्ट सोडवला असेल तर गिअरवर विसंबू नका. टू-व्हीलमध्ये गिअर आणि चाक यांचा संबंधच तुटलेला असतो आणि गाडी उतारावरून निघून जाते. शाफ्टला हात लावण्याआधी दगड लावा.

ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद असतो, आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंतही. जिप्सीवाल्या भावांनो, मंगळवारी ग्रीसगन घ्या. जुलैत गिअरबॉक्स, ट्रान्स्फर आणि दोन्ही हौसिंग, चारही ठिकाणचं तेल काढून बघा. आणि गॅरेजात जाण्याआधी आवाज केव्हा येतो, कुठल्या गिअरात, पाय दाबल्यावर की सोडल्यावर, हे कागदावर लिहून न्या. मिस्त्रीला तो कागद द्या आणि मगच पाना लावू द्या.